अलीकडील बदल

२००८ साली न्यूयॉर्कमधला १७ वर्षांचा एक मुलगा ब्राझीलला, इग्वासूच्या धबधब्यापाशी सहलीला गेला. तिथे त्याला आणि त्याच्या भावाला लांब नाकाचे, शेपटीवर वळी असलेले काही प्राणी दिसले. हे आर्डव्हार्क असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं. आर्डव्हार्क असतो आफ्रिकेत. समोर होते ते कोआटी. परतल्यावर मुलाने गंमत म्हणून इंग्रजी विकिपीडियावरच्या कोआटीच्या लेखात एक तुकडा जोडून दिला, की या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असंही म्हणतात. तो तुकडा कुणी काढला नाही. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या मोठ्या वृत्तपत्रांनी ते नाव वापरलं, विद्यापीठीय प्रकाशनांतही ते गेलं. मग विकिपीडियावरच्या त्या वाक्यापुढे संदर्भ येऊन बसला: एका ब्रिटिश दैनिकातली २०१०ची बातमी. त्या बातमीत नाव मुळात कुठून आलं होतं, हे वेगळं सांगायला नको. २०१४ साली ‘न्यूयॉर्कर’ने हा सगळा प्रकार छापला, तेव्हा नाव खोटं आहे म्हणायचीही पंचाईत झाली होती, कारण एव्हाना लोक ते खरोखरच वापरू लागले होते.

हा किस्सा विकिपीडियाची टिंगल करण्यासाठी वर्षानुवर्षं सांगितला जातो. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. एखाद्या लेखात शिवी घातली, मुख्यमंत्र्यांच्या नावापुढे गाढवाचं चित्र लावलं, तर ते काही सेकंदांत जातं. कोआटीच्या लेखातला तुकडा सभ्य होता, पटण्याजोगा होता, व्याकरणशुद्ध होता. विज्ञानाच्या लेखांना खरा धोका असतो तो असल्या सभ्य चुकांचा. लेख हजारो लोक वाचत होते. ‘हे कोण म्हणतं?’ असं विचारणारा कुणी नव्हता. सहा वर्षं.

विकिपीडिया ‘कुणीही’ लिहितो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी तज्ज्ञांनीच लिहिण्याचा प्रयोग करून पाहिला होता, तो मात्र फारसा आठवत नाही. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांचा ‘न्यूपीडिया’ मार्च २०००मध्ये सुरू झाला. लेखक जाणकार हवा, लेख तपासणीच्या सात टप्प्यांतून जायला हवा, असा नियम. २००३मध्ये तो बंद पडला तोवर पूर्ण झालेले लेख दोन डझनांच्या आसपास होते. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेला विकिपीडिया मुळात न्यूपीडियाला कच्चा माल पुरवण्यासाठी होता. कच्च्या मालानेच कारखाना गिळला.

जुना मार्ग आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला तो याच रीतीने: विषयाच्या जाणकाराकडून नोंद लिहून घ्यायची, दुसऱ्याकडून तपासून घ्यायची, मग संपादकांनी तिला कोशाच्या भाषेत बसवायचं. पहिला खंड आला १९७६ साली आणि विसावा यायला जवळपास चार दशकं गेली. त्या नोंदींची भाषा आजही वाचावी अशी आहे. पण वर्णक्रमाचा एक जाच असतो. अणू काय किंवा अवकाश काय, ‘अ’चं सगळं विज्ञान पहिल्याच खंडात १९७६च्या मुक्कामाला थांबलं. पुढे कोश संकेतस्थळावर आला, नोंदी अद्ययावत करण्यासाठी विषयवार ज्ञानमंडळं नेमली गेली, ती त्या जाचातून सुटण्यासाठीच.

कोशाची तपासणी छपाईच्या आधी होते आणि संपते. विकिपीडियाची तपासणी छपाईनंतर सुरू होते आणि संपतच नाही. यातलं कोणतं बरं, हा वाद ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने डिसेंबर २००५मध्ये मोजून पाहिला. विज्ञानाचे ४२ विषय घेतले, प्रत्येकाचा विकिपीडियातला आणि ब्रिटानिकातला लेख त्या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञाकडे पाठवला, कोणता कुठला ते न सांगता. गंभीर चुका दोन्हीकडे चार-चार निघाल्या. किरकोळ चुका, गाळलेल्या गोष्टी, दिशाभूल करणारी विधानं मिळून विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३. म्हणजे लेखामागे साधारण चार विरुद्ध तीन. ब्रिटानिकाने मार्च २००६मध्ये लांबलचक निषेध प्रसिद्ध केला, ‘नेचर’ने माघार घेतली नाही. विकिपीडियावाले तो आकडा अजून मिरवतात. त्याच पाहणीत काही तपासनीसांनी विकिपीडियाचे लेख विस्कळीत आहेत, वाचताना गोंधळ होतो, अशीही तक्रार केली होती, ती मात्र कुणी मिरवत नाही. माझ्या मते ती चुकांच्या आकड्याहून महत्त्वाची होती. दहा जणांनी दहा वाक्यं बरोबर लिहिली तरी त्यांचा परिच्छेद होईलच असं नाही, आणि विकिपीडियाच्या गणिताच्या लेखांवर आजही हीच कुरकुर ऐकू येते. वाचक ज्या पायरीवर असेल असं वाटतं त्याच्या एक पायरी खाली उतरून लिहा, असा त्यांचा स्वतःचाच नियम आहे. तो सर्रास मोडला जातो.

छपाईनंतरच्या या तपासणीची जागा कुठे, तर ‘अलीकडील बदल’ नावाच्या पानावर. जगातल्या कुणीही, कुठल्याही लेखात, एक स्वल्पविराम जरी हलवला तरी त्याची ओळ तिथे उमटते. इंग्रजीत या ओळी इतक्या वेगाने सरकतात की माणसाने नुसतं बघत बसून भागत नाही. म्हणून पहिली चाळणी यंत्राची. मराठी विकिपीडियावर असल्या स्वयंचलित कामगाराला सांगकाम्या म्हणतात. इंग्रजीतला सगळ्यात नावाजलेला सांगकाम्या म्हणजे २०१०पासून राबणारा क्लूबॉट एनजी. माणसांनी ‘उत्पात’ किंवा ‘ठीक’ असा शेरा मारलेल्या जुन्या बदलांवरून तो शिकलेला आहे आणि बरेचसे उघड उत्पात पाच-दहा सेकंदांत परतवतो. त्याची मर्यादा मुद्दाम घालून दिलेली आहे: निरपराध माणसाचं लेखन पुसलं जाऊ नये म्हणून शंका असेल तिथे त्याने हात लावायचा नाही. त्यामुळे गंधकाचा द्रवणांक कुणी ११५ अंशांवरून १५१ केला, तर तो त्याच्या हातून निसटू शकतो. आकड्यात शिवी नसते.

आकड्यांच्या या चोरट्या बदलांवर रसायनशास्त्राच्या संपादकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. जगातल्या प्रत्येक रसायनाला अमेरिकेतली केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही संस्था एक क्रमांक देते. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५. शेवटचा ५ हा पडताळ्याचा अंक आहे. तो सोडून बाकीचे अंक उजवीकडून घ्यायचे, पहिल्याला एकाने गुणायचं, दुसऱ्याला दोनाने, असं करत बेरीज करायची: ८ + २ + ६ + १२ + ३५ + ४२, म्हणजे १०५. एकंस्थानी ५, म्हणजे क्रमांक जुळला. २००८-०९च्या सुमारास विकिपीडियातले रसायनवाले या संस्थेशी बोलले. संस्थेचा सगळा व्यवसायच या क्रमांकांवर चालतो. तरी तिने सुमारे ७,८०० नेहमीच्या पदार्थांची माहिती सर्वांसाठी खुली केली, आणि संपादकांनी लेखांतले क्रमांक तिच्याशी एकेक करून ताडून पाहिले. ताडलेल्या क्रमांकापुढे हिरवी बरोबरची खूण. पुढे कुणी तो क्रमांक बदलला की एक सांगकाम्या खूण काढून तिथे लाल फुली मारायचा. लेख सगळ्यांना खुला तो खुलाच राहिला. फक्त कुठल्या आकड्याला कुणी हात लावला हे लपेना. मूलद्रव्यांवर काम करणाऱ्या गटाने तर आवर्तसारणीच रंगवून ठेवली आहे. प्रत्येक घराचा रंग त्या मूलद्रव्याच्या लेखाच्या दर्जानुसार, त्यामुळे कुठे डागडुजी हवी हे एका नजरेत कळतं.

आकडे असे बांधून ठेवता येतात. दावे बांधायचे कसे?

हळदीचंच घ्या. हळदीने कर्करोग बरा होतो, स्मृतिभ्रंश थांबतो, असल्या बातम्यांना आपल्याकडे मरण नाही. सांगलीची बाजारपेठ आपली, आणि जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेने १९९५मध्ये दिलेलं पेटंट रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने लढून १९९७मध्ये रद्द करून घेतलं, तो अभिमानही आपला. हळदीतल्या कुर्कुमिनवर हजारो शोधनिबंध आहेत. त्यातला एखादा उचलून ‘कुर्कुमिनमुळे कर्कपेशी मरतात’ असं वाक्य लेखात घातलं, खाली निबंधाचा संदर्भ दिला, तर चूक काय? वाक्य खरं आहे, संदर्भही खरा आहे.

विकिपीडियाच्या वैद्यकीय संपादकांचा नियम इथे आडवा येतो. आरोग्याविषयीचं विधान एकट्यादुकट्या प्रयोगावरून करायचं नाही. त्या विषयावरचे सगळे प्रयोग तपासून लिहिलेला आढावा-निबंध किंवा मान्यताप्राप्त संस्थेची मार्गदर्शिका हवी, आणि तीही शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतली. बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर जे घडलं ते माणसांच्या नावावर खपवायचं नाही. कुर्कुमिनवर असा एक सविस्तर आढावा २०१७मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हे संयुग प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवून खोटा होकार मिळवून देतं, शरीरात नीट शोषलं जात नाही आणि माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत त्याने यश दाखवलेलं नाही, असं तो सांगतो. शिवाय कुर्कुमिनवरचे एके काळी गाजलेले अनेक निबंध पुढे मागे घेतले गेले. ताज्या बातमीवर वाढलेला लेख प्रत्येक बातमीसरशी डुलतो. आढाव्यावर उभा असलेला लेख वर्षभर कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्यावर कोलांटी मारायची पाळी येत नाही.

कोलांटीची पाळी कशी येते ते पाहा. २ डिसेंबर २०१० रोजी नासाने गाजावाजा करून जाहीर केलं, की कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरात फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून जगणारा जिवाणू सापडला. निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात होता, याहून वजनदार संदर्भ कुठला आणायचा? काही दिवसांतच इतर शास्त्रज्ञांनी प्रश्न उपस्थित केले, २०१२मध्ये दोन गटांनी दावा फोल असल्याचं दाखवलं, आणि अखेर जुलै २०२५मध्ये ‘सायन्स’ने निबंध मागे घेतला. पंधरा वर्षं लागली. मागे घेतलेल्या निबंधांवर उभ्या असलेल्या ओळी हुडकून तिथे इशारा लावणारा सांगकाम्याही आता इंग्रजीत आहे. २०२३च्या जुलैत दक्षिण कोरियातून एलके-९९ या खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक ठरणाऱ्या पदार्थाची बातमी आली, तेव्हा विकिपीडियावरचा त्याचा लेख काही दिवसांत फुगला. फलाण्या प्रयोगशाळेत जमलं, ढिकाण्या ठिकाणी नाही जमलं. ऑगस्ट संपेपर्यंत फुगा बसला.

यातून एक आरोप येतो, की विकिपीडिया प्रस्थापितांचा भाट आहे, नवा विचार त्याला चालत नाही. आरोप खरा आहे आणि विकिपीडिया तो नाकारत नाही. स्वतःचं संशोधन इथे छापायचं नाही, ही त्याच्या मूळ नियमांपैकी एक अट आहे. मराठी माणसाला ही अट जयंत नारळीकरांपाशी टोचते. फ्रेड हॉयल आणि नारळीकर यांनी महास्फोटाचा सिद्धांत शेवटपर्यंत मानला नाही. १९९३मध्ये हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकरांनी स्थिर स्थितीच्या सिद्धांताची नवी आवृत्ती मांडली. पण १९६४-६५मध्ये सापडलेल्या वैश्विक पार्श्वप्रारणानंतर बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले ते गेलेच. मग महास्फोटाच्या लेखात नारळीकरांना किती जागा? जेवढं वजन त्या मताला क्षेत्रातल्या लिखाणात आहे तेवढी. म्हणजे इतिहासाच्या भागात. आपल्याला कितीही प्रिय असले, त्यांच्या पुस्तकांवर आपण वाढलो असलो, तरी. त्यांच्या सिद्धांताला वेगळा लेख आहे आणि तिथे तो सविस्तर आहे; ही व्यवस्था मला न्याय्य वाटते.

आयुर्वेदाच्या बाबतीत मात्र प्रकरण थेट दिल्लीला गेलं. इंग्रजी लेखात आयुर्वेदाला छद्मविज्ञान म्हटल्याबद्दल औषध-उत्पादकांच्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाने ती ऐकण्यास नकार दिला आणि विकिपीडियाचा लेख तुम्हीही संपादित करू शकता, अशा अर्थाचं सुनावलं. कायद्याच्या अंगाने उत्तर चोख होतं. प्रत्यक्षात मात्र त्या लेखावर कुलूप आहे. नव्या सदस्याने खातं उघडून लगेच तिथे लिहायला गेलं तर जमत नाही. वादग्रस्त विषयांवर असली कुलपं लावतातच. चर्चापान उघडं असतं. तिथे मात्र संघटनेचं पत्रक चालत नाही, आढावा-निबंध आणावा लागतो.

तज्ज्ञांचं आणि विकिपीडियाचं नातं या सगळ्यात अवघडलेलं राहिलं आहे. तीस वर्षं एका विषयात घालवलेल्या प्राध्यापकाने दुरुस्ती करावी आणि कुणा टोपणनावाच्या माणसाने ‘संदर्भ हवा’ असा साचा चिकटवून ती परतवावी, हे कुणाला रुचेल? पण काही ठिकाणी छान सूत जुळलं. आरएनए रेणूंच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या आरफॅम या विदागाराने आपली वर्णनं थेट विकिपीडियावरच ठेवली. ‘आरएनए बायॉलॉजी’ या नियतकालिकाने २००८च्या अखेरीस अट घातली, की नव्या कुळावर निबंध लिहाल तर सोबत विकिपीडियाचा लेखही द्या, तोही तपासला जाईल. उलट दिशेनेही वाट निघाली. इंग्रजीतला डेंग्यूचा लेख तज्ज्ञांकडून रीतसर तपासून २०१४मध्ये ‘ओपन मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. जेम्स हाइलमन हा कॅनडातला डॉक्टर त्यामागच्या मंडळींत होता.

आणि हे लेख वाचतं कोण, तर तज्ज्ञही वाचतात. नील थॉम्पसन आणि डग्लस हॅन्ली या दोघांनी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून विकिपीडियात नसलेल्या विषयांवर लेख लिहून घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यातले निम्मे चढवले, निम्मे राखून ठेवले. पुढे छापून आलेल्या शोधनिबंधांची भाषा तपासली, तर चढवलेल्या लेखांकडे ती झुकलेली आढळली. निबंधाखाली संदर्भ म्हणून विकिपीडियाचं नाव क्वचितच येतं; शास्त्रज्ञांना ते लाजिरवाणं वाटतं.

संदर्भांवर उभ्या असलेल्या घराला एक मोठी भेग आहे, ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी सगळ्यांनी पाहिली. डॉना स्ट्रिकलंडना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावर लेखच नव्हता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कुणीतरी पाठवलेला मसुदा परत केला गेला होता, स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून. नियमाप्रमाणे पाहिलं तर परत करणाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं. वृत्तपत्रांनी, पुरस्कार समित्यांनी ज्यांच्यावर लिहिलं नाही, त्यांच्यावर विकिपीडियालाही लिहिता येत नाही. लंडनच्या इंपिरियल कॉलेजातली जेस वेड ही पदार्थवैज्ञानिक या भेगेत वर्षानुवर्षं एकेक वीट बसवते आहे, स्त्री-शास्त्रज्ञांची चरित्रं लिहून. तिने लिहिलेला क्लॅरिस फेल्प्स या अणुरसायनतज्ज्ञ महिलेवरचा लेख २०१९मध्ये काढला गेला आणि बऱ्याच भांडणानंतर २०२०मध्ये परत आला.

आता पुण्याकडे वळू. कारण या विषयावरचा जगातला एक मोठा धडा पुण्यात गिरवला गेला आणि पुण्याला त्याची फारशी आठवण नाही.

२०१०मध्ये अमेरिकेत, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एक उपक्रम सुरू केला: विद्यार्थ्यांनी टर्मपेपर लिहून कपाटात टाकण्यापेक्षा विकिपीडियाचे लेख लिहावेत. तो जमला. मग अमेरिकेबाहेर पहिला प्रयोग करायचा ठरला आणि शहर निवडलं पुणे. २०११च्या सत्रात अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा वर्गांतले हजाराच्या आसपास विद्यार्थी इंग्रजी विकिपीडियावर लिहू लागले. मदतीला त्यांच्याच वयाचे ‘कॅम्पस दूत’ नेमले होते, पण त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःला संपादनाचा अनुभव नव्हता. प्राध्यापकांनाही नव्हता. काही आठवड्यांत जगभरच्या संपादकांच्या लक्षात आलं की अभियांत्रिकीच्या, संगणकशास्त्राच्या लेखांत पानंच्या पानं पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जशीच्या तशी येत आहेत. त्यांनी ती काढली, सदस्यांच्या चर्चापानांवर इशारे लिहिले. चर्चापान नावाची वस्तू असते हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. काढलेला मजकूर पुन्हा चिकटवला गेला. खाती गोठवली, नवी खाती उघडली. मुदत जवळ आली तशी लाट चढली. साफसफाई करणाऱ्या स्वयंसेवकांनी अखेर आरडाओरडा केला आणि नोव्हेंबर २०११मध्ये फाउंडेशनला प्रयोग आवरता घ्यावा लागला. उपसा त्यानंतरही चालूच राहिला.

तेव्हा इंग्रजीतल्या चर्चेत भारतीय विद्यार्थ्यांना चौर्याची जात लावणारे शेरे आले. ते वाचून आजही चीड येते. पण ज्याने पुण्यात अभियांत्रिकीचं सबमिशन पाहिलं आहे त्याला जे झालं त्याचं आश्चर्य वाटणार नाही. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची ड्रॉइंग शीट छापून काढणं, म्हणजे ‘जीटी मारणं’, ही तिथली सर्वमान्य कला आहे. जर्नल उतरवून काढणं हे टर्मवर्क आहे. सगळ्यांचं सारखं असलं तरच ते बरोबर धरलं जातं. व्याख्या पुस्तकातल्या शब्दांत लिहिली तर पूर्ण गुण, स्वतःच्या शब्दांत लिहिली तर धोका. बारा-पंधरा वर्षं ज्या गोष्टीला शाबासकी मिळाली तीच गोष्ट त्या पोरांनी केली, तीही दुसऱ्या भाषेत, मार्कांसाठी, आणि समोर अचानक हजारो मैलांवरचा परका माणूस ‘हे चौर्य आहे’ म्हणून उभा राहिला. त्याने चूक सांगितली ती बरोबर होती. ती आधी वर्गात कुणी सांगितली नाही, हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हता.

दोष आकड्याचा होता. फाउंडेशनला मोठा आकडा हवा होता. हजार नवे लेखक म्हणजे यश, असं कुणीतरी कागदावर मांडलं होतं. हजार लेखकांमागे नजर ठेवणारे किती लागतील, हे मांडलं नव्हतं. पुढचा प्रयोग कैरोत झाला, २०१२मध्ये. मोजके वर्ग, आधी अनुभवी संपादकांशी गाठ, आणि लेखन इंग्रजीत न करता अरबीत. तो तरला.

मराठीचा प्रश्न याच गणिताचा आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे. संख्येची बातमी होते. कार्यशाळा भरते, मराठी भाषा गौरव दिनाला संपादनाचा सोहळा होतो, संध्याकाळी किती लेख झाले ते जाहीर केलं जातं. दोन ओळींचा लेखही लेखच. तो लिहिणारा पुढच्या आठवड्यात परत येत नाही, आणि लेख कुणाच्याच निरीक्षणसूचीत, म्हणजे ज्यांतले बदल सदस्य पाहत राहतो त्या लेखांच्या यादीत, नसतो. इथल्या प्रचालकांची, म्हणजे लेख काढण्याचे, कुलपं लावण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांची, संख्या बोटांवर मोजण्याइतकी. चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, धोरणाचा प्रश्न निघाला तर उत्तर देणारी नावं तीच ती.

त्यात भाषांतराची अवजारं आली. इंग्रजी लेख डावीकडे, उजवीकडे यंत्राने केलेली मराठी, बटण दाबलं की लेख तयार. इंग्रजी विकिपीडियाने यंत्राच्या भाषांतराचा त्रास पाहून २०१६मध्येच ही सोय अनुभवी सदस्यांपुरती आखडली. मराठीत तर मूळ इंग्रजी चांगलं असल्याने लेख वरकरणी भारदस्त दिसतो, खाली चाळीस संदर्भांची माळ असते. पण डेंग्यूच्या रुग्णाला ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, या वाक्यातला ‘नये’ लांबलचक यांत्रिक वाक्यात कुठे हरवला, तर चाळीस संदर्भांचा काय उपयोग? ते सगळे इंग्रजीत आहेत आणि मूळ वाक्याचे आहेत. २०१४मध्ये इबोलाची साथ आली तेव्हा वैद्यकीय गटाने वेगळी रीत वापरली होती: लेखाचा आरंभीचा भाग आधी सोप्या इंग्रजीत उतरवायचा, डॉक्टरांनी तपासायचा, मगच स्वयंसेवी अनुवादकांच्या हाती द्यायचा. तो मजकूर पन्नासहून अधिक भाषांत पोचला. मराठीत आरोग्याच्या लेखांना हाच क्रम लावायला हवा, लेख कमी झाले तरी चालतील. दुसरी वाट कोकणीने दाखवली आहे: कोकणी विश्वकोशाचे खंड गोवा विद्यापीठाने २०१३मध्ये मुक्त परवान्यावर दिले. तपासलेला, आपल्याच भाषेत घडलेला मजकूर असा हाती आला, की यंत्राची वाट बघावी लागत नाही.

आता तर भाषांतरालाही मूळ लेख लागत नाही. यंत्राला विषय सांगितला की ते अख्खा लेख लिहून देतं, संदर्भांसकट. संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात. इंग्रजीत २०२३च्या अखेरीस असा मजकूर हुडकणारा संपादकांचा गट उभा राहिला आणि ऑगस्ट २०२५मध्ये नियम झाला, की माणसाने न तपासलेला, यंत्राने लिहिलेला लेख चर्चेविना काढता येईल. ओळखायच्या खुणाही ठरवल्या. त्यातली एक जुनीच आहे: पुस्तकाच्या आयएसबीएन क्रमांकातला शेवटचा अंक गुणाकार-बेरजेच्या पडताळ्यात जुळतो का पाहा, पाण्याच्या त्या क्रमांकासारखाच. पण पडताळा करून पाहायला कुणीतरी बसायला हवं. मराठीत बसणारे तेच दहाजण.

मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका १९६०च्या दशकापासून चालू आहे. तिच्यात लिहिणाऱ्या, निवृत्तीनंतर भरपूर वेळ आणि भरपूर मतं बाळगणाऱ्या प्राध्यापकांपैकी वीस जणांनी आपापल्या विषयाचे पन्नास-पन्नास लेख निरीक्षणसूचीत घातले, तर विज्ञानाच्या हजार मराठी लेखांवर जाणकार नजर येईल. नवं काही लिहायची सक्ती नाही. आठवड्यातून एकदा यादी उघडायची, काय बदललं ते पाहायचं, चुकीचं असेल ते परतवायचं. त्यांच्या पहिल्याच दुरुस्तीवर कुणीतरी टोपणनावाचा पोरगा ‘संदर्भ हवा’ लावेल. सर चिडतील. मग सर कपाटातून पुस्तक काढून पान क्रमांक देतील, की खातं बंद करून पत्रिकेत विकिपीडियाविरुद्ध लेख लिहितील, हे सांगणं कठीण आहे. पुण्यामुंबईचा अनुभव पाहता मी दुसऱ्यावर पैज लावेन, पण वीसातल्या पाचांनी जरी पहिलं केलं तरी अडीचशे लेख होतात.